चिमुकल्यांना मत्स्यालय दाखवायचंय? आधी हे वाचा

माझी भाची सव्वातीन वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा मत्स्यालयात नेलं. मे महिन्यातला रविवार होता, संध्याकाळचे सहा वाजले होते. बाहेर लख्ख उजेड आणि आत मिट्ट काळोख. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिने माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारून रडायला सुरुवात केली. मागून रांग रेटत होती. तिकीट काढलंय तर निदान सगळं बघून तरी जाऊ, या विचाराने मी तिला कडेवर घेऊन एकेका टाकीपुढून नेत राहिले. दहाव्या मिनिटाला आम्ही बाहेर होतो. रात्री आईने विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" तर म्हणाली, "काळं घर."

महिन्याभराने पुन्हा गेलो, बुधवारी सकाळी. त्या दिवशी आम्ही एका टाकीपुढे जवळजवळ वीस मिनिटं नुसते उभे राहिलो आणि बाकीच्या टाक्या जाता जाता पाहिल्या. त्या एका टाकीतल्या मिशीवाल्या माशाबद्दल ती अजून बोलते. पहिल्यांदाच जाणार असाल तर माझ्या दोन्ही खेपांमधून एवढंच घ्या: मुलाला एक टाकी पोटभर बघू द्या. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

कुठे जायचं

पुण्यात मत्स्यालय म्हटलं की पहिलं नाव येतं ते जंगली महाराज रस्त्यावरच्या छत्रपती संभाजी उद्यानातल्या मत्स्यालयाचं. जागा लहान आहे, आणि तीन-चार वर्षांच्या मुलासाठी तेच बरं. मोठ्या मत्स्यालयात अर्ध्या वाटेवर मूल दमतं आणि उरलेली अर्धी वाट तुम्ही दमता. इथे बाहेर पडलं की समोर बाग, झाडं आणि धावायला जागा आहे. निघण्याआधी मत्स्यालय चालू आहे ना, याची चौकशी मात्र करा. टाक्यांची साफसफाई आणि दुरुस्ती निघतच असते. बंद दारापुढे उभं राहून मुलाची समजूत घालण्यापेक्षा एक फोन सोपा.

सुट्ट्यांमध्ये मैदानांवर पाण्याखालच्या बोगद्याची प्रदर्शनं भरतात. डोक्यावरून मासे जाताना पाहून मोठ्यांनाही मौज वाटते, पण तिथे गर्दी, लाउडस्पीकर आणि पाळण्यांचा गोंगाट फार असतो. पाच वर्षांखालच्या मुलाची पहिली ओळख तिथे करून देऊ नका. आधी शांत जागा, मग बोगदा.

आजी-आजोबा हमखास मुंबईच्या तारापोरवालाची आठवण काढतील. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं ते मत्स्यालय आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं आहे. पण त्या आठवणीच्या भरवशावर मुंबईची तिकिटं काढू नका. आधी सध्याची स्थिती विचारा.

आणि "निघालोच आहोत तर कात्रजचं प्राणिसंग्रहालयही उरकून घेऊ" हा मोह टाळा. एक तर ते बुधवारी बंद असतं. शिवाय मगरी, हत्ती आणि मासे एकाच दिवशी पाहिलेल्या मुलाच्या डोक्यात संध्याकाळी फक्त आइस्क्रीम उरतं.

वेळ कोणती

महापालिकेच्या बऱ्याच बागा भर दुपारी बंद असतात, त्यामुळे तुमच्या हातात सकाळ आणि संध्याकाळ उरते. मी सकाळच सुचवेन, तीही सोमवार ते शुक्रवारमधली. मूल झोपून उठलेलं, पोटात काहीतरी गेलेलं आणि टाक्यांपुढे माणसं कमी. शनिवार-रविवारशिवाय सवड नसेल तर दार उघडल्या उघडल्या पोचा. आत किती वेळ काढायचा याचा माझा अंदाज असा: दोन वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं, चार वर्षांच्याला अर्धा-पाऊण तास. त्याहून जास्त काढला तर दोघांचीही चिडचिड होते.

तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा, "दादा, यांना खाणं कधी घालता?" ती वेळ साधली तर एरवी तळाशी निपचित पडलेले मासेही वर येतात. ऑस्करसारखे मासे खाणं घालणाऱ्याला ओळखून काचेशी गोळा होतात. मूल ते पाहतं तेव्हा त्याला कळतं की आत कुणीतरी आहे, ज्याला भूक लागते.

आदल्या दिवशी घरी

दोन गोष्टी करा. पहिली, अंधाराची सवय. रात्री खोलीतला दिवा घालवा, काचेच्या बरणीत पाणी भरून तिच्यामागे टॉर्च धरा आणि मुलाला लांबून बघू द्या. "उद्या आपण जाणार ना, तिथे असंच असतं. खोली काळी आणि पाणी उजेडाचं." माझ्या भाचीच्या दुसऱ्या खेपेला एवढ्याने काम भागलं.

दुसरी, चार शब्द. कल्ले, पर, खवले, शेपूट. शब्द ठाऊक असले की मूल टाकीपुढे ते शोधतं, आणि शोधायला लागलं की थांबतं. ज्यांच्या घरी मासे खातात त्यांच्याकडे हे शब्द बाजारातच शिकवता येतात. बांगड्याचे कल्ले उघडून ते लालभडक आहेत का, हे आपण ताजेपणासाठी बघतोच. तेच मुलाला दाखवायचं: "याने तो श्वास घ्यायचा." मग मत्स्यालयात प्रश्न येतोच, "हा आपण खातो का?" खरं ते सांगा. काही मासे माणसं खातात, इथले बघण्यासाठी ठेवले आहेत. लपवाछपवी केली की मूल घाबरतं. सरळ सांगितलं की पुढच्या टाकीकडे वळतं.

पिशवीत काय

पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जोड, ओला रुमाल आणि डबा. डब्यात पोळीचा रोल किंवा राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे हात फार बरबटत नाहीत. बाबागाडी घरीच ठेवा, अरुंद वाटेत ती अडते आणि तिच्यातून टाकीही दिसत नाही. मुलाच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा किंवा मनगटावर पेनाने लिहा. अंधारात हात सुटतो, आणि तीन वर्षांच्या मुलाला आईचं नाव "आई" एवढंच ठाऊक असतं. कपडे भडक रंगाचे घाला, काळोखात पिवळा सदरा पटकन सापडतो.

दारात

आधी शू. मग आत.

आत शिरल्या शिरल्या चालू लागू नका. बाजूला व्हा आणि मिनिटभर थांबा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना काळोखाला सरावायला वेळ लागतो, आणि त्या पहिल्या मिनिटात मुलाला खरोखरच काही दिसत नसतं. भाची रडली ती यामुळेच, हे मला नंतर कळलं. मूल कडेवर असेल तर त्याचं तोंड सगळ्यात उजेडाच्या टाकीकडे करा. रडलं तर "घाबरायचं काय त्यात" म्हणू नका. बाहेर या, झाडाखाली पाच मिनिटं बसा, पुन्हा विचारा. नाही म्हणालं तर घरी जा. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ देत.

टाकीपुढे

इथे घाई नको. मुलाला खाली उतरवा आणि तुम्हीही गुडघ्यावर बसा. त्याच्या उंचीवरून टाकी वेगळीच दिसते. आपल्याला पाण्याचा वरचा भाग दिसतो, त्याला तळ दिसतो. तळाला राहणारे मासे, काच चाटणारे सकर, मिशीवाले, मुलांना आधी सापडतात ते त्यामुळे. टाकी उंचावर असेल तर दोघांनी आळीपाळीने उचला. एकट्याने अर्धा तास उचललं तर पाठ धरते आणि मन पुढच्या टाकीकडे धावतं.

पहिली दोन मिनिटं काही बोलू नका. नावाची पाटी वाचू नका. मूल काय बघतंय ते बघा. बहुतेक वेळा ते सर्वात मोठा मासा बघत नसतं, बुडबुडे बघत असतं. बघू देत. बुडबुडे कुठून येतात, याचाही शोध घेता येतो: नळी दिसते, नळीच्या टोकाला दगड दिसतो, आणि तिथूनच पाण्यात हवा मिसळते.

मग एखादा मासा निवडा आणि त्याच्या तोंडाकडे बोट करा. तोंड उघडतं, मिटतं, आणि लगेच गालामागचं झाकण हलतं. तोंडातून आत गेलेलं पाणी कल्ल्यांवरून बाहेर पडतं आणि जाताना त्यातला प्राणवायू माशाला मिळतो. मुलाचा हात त्याच्याच छातीवर ठेवा: "तुझी छाती हलते, त्याचा गाल हलतो." भाचीने हे ऐकलं आणि गाल फुगवून माशाबरोबर श्वास घ्यायला लागली. तोंड उघड, मीट. उघड, मीट. पाचेक मिनिटं हेच चाललं होतं. शेजारचे आजोबाही तिच्याबरोबर गाल हलवायला लागले.

गुरामीची टाकी असेल तर तिथे जास्त थांबा. हा मासा मधूनच सरळ वर जातो, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घेतो आणि खाली येतो. कल्ल्यांच्या जोडीला त्याच्याकडे हवेतून श्वास घेणारं एक खास इंद्रिय असतं. एकाच माशावर डोळा ठेवायचा आणि तो पुन्हा वर कधी जातो ते मोजायचं. अंक शिकणाऱ्या मुलांना हा खेळ फार आवडतो.

फायटर मासा बहुधा एकटा ठेवलेला असतो. "त्याला मित्र नाही?" असं मूल विचारेलच. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना जखमी करतात, म्हणून वेगळे ठेवतात. पण हाच नर पाण्याच्या वर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि अंडी सांभाळतो, हेही सांगा. अरोवानाचा नर तर अंडी तोंडात धरून बसतो. बाबा बरोबर असतील तर मुलं लगेच त्यांच्या तोंडाकडे बघतात.

टाकीचा कोपरा विसरू नका. दोन काचा जिथे जुळतात तिथे तिरपं उभं राहिलं की एकच मासा दोन दिसतो, एक या काचेतून आणि एक त्या काचेतून. मूल एक पाऊल सरकलं की त्यातला एक गायब. पाण्यातून काचेबाहेर येताना प्रकाश वळतो म्हणून असं होतं. त्याच कारणाने मासा आहे त्याहून जवळ आणि मोठा दिसतो. चार वर्षांच्या मुलाला कारण नको असतं, त्याला तो गायब होणारा मासा पुन्हा पुन्हा हवा असतो. कारण सहा-सात वर्षांच्या भावंडाला सांगा.

मासे झोपतात का, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं. झोपतात, पण बहुतेक माशांना पापण्या नसतात, म्हणून डोळे उघडेच राहतात. ऐकू येतं का? येतं. बाहेर कान दिसत नाहीत, ते आत असतात. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली हालचाल जाणवते. रोहूसारख्या मोठ्या खवल्यांच्या माशावर ती रेघ ठिपक्याठिपक्यांची दिसते. तेवढी सापडली तरी त्या दिवसाची कमाई झाली.

काचेवर टकटक नाही

हा नियम आत जाण्याआधी सांगा आणि कारणासकट सांगा. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि माशाला तो अंगभर जाणवतो. काचेवर मारलेली टिचकी त्याच्या घराच्या भिंतीवर हातोडा मारल्यासारखी असते. मुलाला हात लावायचाच असेल तर तळवा हलकेच टेकू द्या आणि स्थिर ठेवू द्या. कधी कधी एखादा मासा तळव्यासमोर येऊन थांबतो.

दुसरी मोठी माणसं टकटक करत असतील तर मुलादेखत शांतपणे म्हणा, "काका, मासे घाबरतात हो." बहुतेक जण थांबतात. आणि मुलाने हे पाहिलं की पुढच्या टाकीपुढे तोच नियम ते इतरांना सांगतं.

फोटोसाठी फ्लॅश बंद. डोळे मिटता न येणाऱ्या जिवावर तो झोत मारू नये, आणि काचेवर चमक येऊन फोटोही बिघडतो. मोबाईल काचेला टेकवून धरला की फोटो छान येतो. दोन फोटो काढा आणि मोबाईल पिशवीत ठेवा.

एखादा मासा मेलेला दिसला तर मुलाला ओढून नेऊ नका. "तो मेला. आता ते दादा त्याला बाहेर काढतील." एवढं पुरतं. कर्मचाऱ्यांना जरूर सांगा, त्यांनाही ते लवकर कळलेलं बरं.

बाहेर आल्यावर नदी

आधी हात धुवा, मग डबा. बागेत अर्धा तास मोकळं सोडा. अंधारात दबून राहिलेल्या मुलाला पळायचं असतं.

परतीला शक्य असेल तर मेट्रो घ्या. छत्रपती संभाजी उद्यान स्थानक नदीच्या बाजूला आहे. ते आणि डेक्कन जिमखाना स्थानक या दोन्हींचं छप्पर मावळ्याच्या पगडीच्या आकाराचं आहे. ते मुलाला खालूनच दाखवा. वर गेल्यावर मुठेचं पात्र दिसतं. तिथे मी भाचीला सांगते, ते तुम्हीही सांगा: आत पाहिलेले बरेचसे मासे परदेशचे होते, पण आपल्या नदीलाही स्वतःचे मासे आहेत. साइक्स नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांमधल्या माशांचं वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केलं. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीर माशाला शास्त्रीय नाव मिळालं ते त्याच वर्णनातून, टॉर खुद्री. चाकणजवळच्या इंद्रायणीतला, नाकाडावर उंचवटा असलेला नुकटा मासाही त्यात आहे. आज शहरातल्या मुठेचं पाणी पाहून हे खरं वाटत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात महसीरची पैदास करून पिल्लं पाण्यात सोडली जातात. मूल थोडं मोठं झालं की त्याला त्या माशाचं चित्र दाखवा आणि हा पुण्याचा, असं सांगा.

भाचीने प्लॅटफॉर्मवरून खाली बघून विचारलं होतं, "मग ते आता कुठे गेले?" मी खरं ते सांगितलं. पाणी घाण झालं, काही मेले, काही वरच्या स्वच्छ पाण्यात आहेत. ती म्हणाली, "मग पाणी धुवायचं."

"आपण मासा घेऊ या ना!"

हे ऐकायची तयारी ठेवूनच निघा. आणि त्याच दिवशी घेऊ नका. "घर तयार झालं की घेऊ" म्हणा, कारण त्या घराला खरंच वेळ लागतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो त्याच्यासाठी विष आहे. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. फिल्टरमध्ये ते वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सकाळी टाकी आणली, संध्याकाळी मासे सोडले आणि आठवड्यात सगळे मेले, ही कित्येक घरांतली गोष्ट आहे. मूल मात्र समजतं की आपलं काहीतरी चुकलं.

गोल बाऊलमधला गोल्डफिश तर मुळीच नको. तो कार्पच्या कुळातला मासा आहे, चीनमध्ये हजार वर्षांहून जास्त काळ पाळला जातोय. नीट सांभाळला तर तो वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. बाऊलमध्ये त्याला ना जागा मिळते ना पुरेशी हवा. सुरुवात गप्पींपासून करा. डासांच्या अळ्या खातात म्हणून हौदांत-विहिरींत सोडतात, तेच हे मासे. ते अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात, आणि दर महिन्याला देतात. म्हणून नर आणि मादी एकत्र आणताना पिल्लांचं काय करायचं, ते आधी ठरवा. नळाचं पाणी निदान एक दिवस उघडं ठेवल्याशिवाय टाकीत घालू नका, त्यातला क्लोरीन माशांना सोसत नाही. दर आठवड्याला थोडं पाणी बदला, पण सगळं एकदम बदलू नका.

एक मात्र हात जोडून सांगते. नकोसा झालेला मासा नदीत, तलावात किंवा कालव्यात सोडू नका. टाकीत काच चाटणारा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. लोकांनी दयेपोटी सोडून सोडून तो देशातल्या कितीतरी तलाव-नद्यांमध्ये पसरला. त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि तिथल्या मूळच्या माशांचं खाणं तो पळवतो. दुकानदाराला परत द्या, ओळखीत विचारा, पण पाण्यात सोडू नका.

पुढची खेप

घरी आल्यावर "काय काय पाहिलंस?" असं लगेच विचारू नका. कागद आणि खडू पुढे ठेवा. जो मासा कागदावर येईल तो लक्षात ठेवा, आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा जाल तेव्हा सरळ त्याच्याच टाकीपुढे जा. मुलाला पुढे चालू द्या. भाची आता दारातून शिरते, माझा हात सोडते, डावीकडच्या शेवटच्या टाकीशी जाऊन मांडी घालते आणि मिशीवाल्याला हाक मारते. तो तळाशी असतो, वाळूत मिशा चाचपत. मी तिच्या शेजारी बसते.